साकवावरचा सौर कॅमेरा : आषाढाचा हिशेब

मी बचत गटांची समन्वयक. शिक्षण बी.ए., म्हणजे इंजिनिअरिंगशी माझा संबंध नाही. पण जमा-खर्चाशी आहे, तुमचाही आहे. आजचा विषय कॅमेऱ्याचा असला तरी तो समजून घ्यायला जमा-खर्चाची वही पुरते.

आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात वाडी एका बाजूला आणि शाळा, रेशन दुकान, शेत दुसऱ्या बाजूला अशी गावं कितीतरी आहेत. मधे पऱ्या आणि त्यावर साकव. आठ महिने पऱ्यात घोटाभर पाणी. आषाढात मात्र वर डोंगरात पाऊस कोसळला की खाली ऊन असतानासुद्धा अर्ध्या तासात पाणी साकवाला लागतं. सकाळी पोरं शाळेत गेलेली असतात, बाया लावणीला गेलेल्या असतात आणि परतीच्या वेळी प्रश्न एकच असतो : साकवावरून जाता येईल का? तो बघायला कुणीतरी पावसात अर्धा मैल उतरून जातं. काही वेळा बघायला गेलेला माणूसच अडकतो.

मोठ्या नद्यांचं पाणी सरकार मोजतं. खेडच्या जगबुडीची इशारा पातळी ५ मीटर आणि धोक्याची ७ मीटर, हे आकडे पावसाळ्यात आपण बातम्यांत ऐकतो. पण तो आकडा शहराजवळच्या पुलाचा असतो. आपल्या वाडीच्या पऱ्याचा आकडा कुणी सांगत नाही. तो आपण स्वतः बघू शकतो का? हो. उन्हावर चालणारा एक छोटा कॅमेरा दर काही मिनिटांनी साकवाचा फोटो गटाच्या फोनवर पाठवू शकतो. तो कसा बसवायचा आणि त्यात फसगत कुठे होते, हे आज सांगते.

ही वस्तू आहे तरी काय?

जगातला पहिला वेबकॅम कशासाठी लावला होता माहीत आहे? कॉफीच्या भांड्यासाठी! इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक विभागात कॉफीचं एकच भांडं होतं. लांबच्या खोलीतली माणसं जिने चढून यायची आणि भांडं रिकामं बघून परत जायची. १९९१ मध्ये त्यांनी भांड्यासमोर कॅमेरा लावला, म्हणजे बसल्या जागी दिसावं, जाण्यात अर्थ आहे की नाही. १९९३ मध्ये ते चित्र इंटरनेटवर आलं आणि २००१ पर्यंत सुरू राहिलं. आपला प्रश्नही तोच आहे : जाण्यात अर्थ आहे का? फक्त इथे कॉफीच्या जागी पोरांचा जीव आहे.

कॅमेरा चालवायला संगणक लागतो. तो टेबलावरचा मोठा संगणक नव्हे. रास्पबेरी पाय नावाचा छोटा बोर्ड मिळतो. तोही केंब्रिजचाच, शाळकरी मुलांना संगणक शिकता यावा म्हणून २०१२ मध्ये बाजारात आला. त्यातला 'झीरो २ डब्ल्यू' हा बोर्ड ६५ मिलिमीटर लांब आणि ३० मिलिमीटर रुंद, म्हणजे काडेपेटीपेक्षा थोडा लांब. त्याला फितीसारख्या पट्टीने छोटा कॅमेरा जोडता येतो.

या बोर्डावर लिनक्स चालतं. लिनक्स म्हणजे संगणकाला कामाला लावणारी मूळ व्यवस्था, जशी आपल्या फोनमध्ये अँड्रॉइड. अँड्रॉइडच्या पोटातही लिनक्सच आहे. फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये त्याची सुरुवात केली. पुढे जगभरच्या लोकांनी त्यात भर घातली. ते फुकट मिळतं आणि हवं तसं बदलता येतं. म्हणजे त्याला आपण सांगू शकतो, की दर पंधरा मिनिटांनी उठ, फोटो काढ, त्यावर वेळ छाप, पाठव आणि झोप. जास्तीचं काही करू नकोस.

वीज किती लागते?

आता वही काढा.

बोर्ड आणि कॅमेरा मिळून साधारण दीड वॉट. फोटो पाठवणारा सिमकार्डचा डोंगल आणखी दीड वॉट. एकूण ३ वॉट. घरातला साधा एलईडी बल्ब ९ वॉटचा असतो, म्हणजे हा त्याच्या एक-तृतीयांश. दिवसरात्र चालू ठेवला तर ३ गुणिले २४, म्हणजे ७२ वॉट-तास. तारेत आणि कंट्रोलरमध्ये थोडी वीज वाया जाते, म्हणून ९० धरू. वीजबिलातलं एक युनिट १,००० वॉट-तासांचं असतं, म्हणजे महिन्याला तीन युनिटंसुद्धा होत नाहीत.

मग सौर पॅनेलचा खटाटोप कशाला? एक म्हणजे साकवाजवळ विजेचा खांब नसतो. दुसरं, खांब असला तरी ज्या दिवशी पाणी वाढतं त्याच दिवशी लाइट जाते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात दापोली-मंडणगडकडच्या बायांनी कितीतरी दिवस अंधारात काढले. २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत माणूस बुडेल इतकं पाणी होतं, तेव्हा वीज नव्हती आणि फोनही बंद पडले होते. लाइटवर चालणारा कॅमेरा नेमक्या कामाच्या दिवशी डोळे मिटतो.

आता जमेची बाजू. ५० वॉटचं एक पॅनेल घेऊ. एप्रिल-मे मध्ये ते दिवसाला पाच तासांच्या पूर्ण उन्हाइतकी वीज सहज देतं. ५० गुणिले ५ म्हणजे २५०. गळती वजा जाता २०० वॉट-तास हातात. खर्च ९०. सगळा आनंदीआनंद! फसगत होते ती इथेच. कॅमेरा उन्हाळ्यात बसवला जातो, उन्हाळ्यात झकास चालतो, फोटो काढून कौतुक होतं आणि आषाढात तिसऱ्या-चौथ्या दिवशी बंद पडतो.

आषाढातल्या अंधारून आलेल्या दिवशी पॅनेलला तासाभराच्या उन्हाइतकीच वीज मिळेल असं धरायचं. म्हणजे ५०, आणि हातात ४०. खर्च ९०. रोज ५० ची तूट. ही तूट भरून काढते बॅटरी. आपण आगोटीला तांदूळ, डाळ, सुकी मासळी, लाकूडफाटा भरून ठेवतो ना, तशी बॅटरी म्हणजे विजेची आगोट. १२ व्होल्ट २० अँपिअर-अवरची लिथियम फॉस्फेट बॅटरी साधारण २५० वॉट-तास साठवते. ती तळापर्यंत कधी रिकामी करायची नाही, म्हणून वापरायला २०० धरा. रोज ५० ची तूट असेल तर चार दिवसांत आगोट संपली. आणि आपल्याकडे झड सात-सात दिवस लागते.

यावर दुकानदार सांगेल, मोठं पॅनेल घ्या, मोठी बॅटरी घ्या. तोही उपाय आहे. पण घर चालवणारी बाई आधी काय करते? खर्च कमी करते.

पऱ्याकडे चोवीस तास टक लावून बघायची गरज नाही. बोर्ड दर पंधरा मिनिटांनी दोन मिनिटांसाठी उठला तरी पुरे. शाळा भरायच्या आणि सुटायच्या वेळेला, म्हणजे सकाळी ६ ते ९ आणि दुपारी ३ ते ६, त्याने दर पाच मिनिटांनी उठावं. असं केलं तर दिवसाचा खर्च ९० वरून २० वॉट-तासांवर येतो. आता आषाढातली ४० ची जमाही खर्चाच्या दुप्पट झाली. पॅनेल तेच, बॅटरी तीच, आणि पॅनेलला अगदी काही मिळालं नाही तरी २०० ची शिल्लक दहा दिवस पुरते. कॅमेरा पावसाळ्यात टिकतो तो या हिशेबामुळे. म्हणून कुणी कोटेशन घेऊन आलं तर त्याला एकच प्रश्न विचारा : सात दिवस ऊन नसेल तर हा कसा चालेल, ते कागदावर मांडून दाखवा.

इंटरनेटचा हिशेबही असाच. एक फोटो २०० केबीचा ठेवला तर वरच्या वेळापत्रकाने दिवसाला १४४ फोटो होतात आणि महिन्याला एक जीबीच्या आत काम भागतं. त्याऐवजी सतत लाइव्ह व्हिडिओ पाठवायचा म्हटलं तर साध्या प्रतीचा व्हिडिओही तासाला साडेचारशे एमबी खातो. दिवसाला दहा जीबी! व्हिडिओची हौस परवडणारी नाही आणि पाण्याची पातळी बघायला त्याची गरजही नाही.

बसवताना काय बघायचं?

आधी रेंज. पऱ्याच्या खोलगटात बहुतेक ठिकाणी फोन लागत नाही. खर्च करण्याआधी नेमक्या जागेवर उभं राहून आपल्या फोनवरून फोटो पाठवून बघा, वेगवेगळ्या कंपन्यांच्या सिमवरून आणि पाऊस पडत असतानाही. रेंज नसेल तर चढावरच्या एखाद्या घराशी सरळ वायफायने जोडता येतं. मधे झाडोरा नको, घर नजरेच्या टप्प्यात हवं. याचा एक फायदा म्हणजे टॉवर बंद पडला तरी त्या घरातल्या फोनवर फोटो दिसत राहतो.

पॅनेलचं तोंड दक्षिणेकडे आणि १५ ते २० अंशांचा उतार, म्हणजे पाणी आणि पाला वाहून जातो. सावलीचं फार जपा. पॅनेलमधले तुकडे माळेसारखे एकामागे एक जोडलेले असतात. माडाच्या एका झावळीची सावली दोन-तीन तुकड्यांवर पडली तरी सगळ्या माळेची वीज घटते. उन्हाळ्यात मोकळी असलेली जागा पावसाळ्यात वेलींनी भरते, हेही आताच लक्षात घ्या.

बॅटरी, कंट्रोलर आणि बोर्ड घट्ट झाकणाच्या पेटीत ठेवायचे. तारा पेटीच्या वरून कधीच आत न्यायच्या नाहीत. खालून, रबरी ग्लँडमधून न्यायच्या, आणि पेटीत शिरण्याआधी तारेला खाली झोल द्यायचा, म्हणजे तारेवरून ओघळणारं पाणी झोलातून गळून जातं. आत ओल शोषणाऱ्या पांढऱ्या पुड्या टाका. भोक राहिलं तर मुंग्या आणि पाली घर करतात. माकडं लोंबणारी तार ओढतात, म्हणून सगळ्या तारा पाइपातून घ्या. खाडीजवळ खाऱ्या हवेने साधे स्क्रू एका पावसात गंजतात, तिथे स्टेनलेस स्टीलचे वापरा. फ्यूज आणि अर्थिंग जाणत्या वायरमनकडूनच करून घ्या. जुनी पाण्याची बॅटरी वापरणार असाल तर ती निम्म्याच्या खाली उतरवू नका, आणि तिच्यातून वायू निघतो म्हणून बोर्डाच्या बंद पेटीत तिला ठेवू नका.

बोर्डाबरोबर आणखी एक छोटी वस्तू घ्यायची, बटन सेलवर चालणारं घड्याळ. झीरो बोर्डाला स्वतःचं घड्याळ नसतं. वीज जाऊन आली आणि नेट नसेल तर त्याची वेळ चुकते, मग फोटोवरही चुकीची वेळ छापली जाते. ठरल्या वेळी बोर्डाला उठवायचं कामही हेच घड्याळ करतं. बॅटरी उतरत आली की बोर्ड रीतसर बंद व्हावा अशी सोय करायला सांगा. अचानक वीज तुटली तर त्याचं मेमरी कार्ड बिघडू शकतं.

नुसतं पाणी बघून पातळी कळत नाही. म्हणून साकवाजवळ मोजपट्टी रंगवा. खाली हिरवा, मधे पिवळा, वर लाल. लाल कुठून सुरू करायचा हे गावातल्या म्हाताऱ्या बाया सांगतील. कुठल्या दगडाला पाणी लागलं की साकव सोडायचा, हे त्यांना पाठ असतं. पूल बांधकाम खात्याचा असेल तर रंगवण्याआधी परवानगी घ्या. रात्रीसाठी मोजपट्टीवर चमकणारी पट्टी चिकटवा आणि फोटो काढतानाच क्षणभर पेटेल असा छोटा दिवा लावा. तो कॅमेऱ्याला चिकटून नको, हातभर लांब हवा. नाहीतर जोराच्या पावसात समोरचे थेंबच चमकतात आणि मागचं काही दिसत नाही.

कॅमेऱ्याचं तोंड कुठे?

हा प्रश्न माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आहे, आणि तो वायरमनने नाही, आपण ठरवायचा आहे.

पऱ्यावर आपण कपडे धुतो. लावणीहून आल्यावर चिखलाचे हातपाय धुतो. काही वाड्यांत बाया तिथेच अंघोळ करतात. 'पाणी बघायला' लावलेला कॅमेरा बायांना बघत राहिला तर तो दुसऱ्या दिवशी काढून टाकलेला बरा. म्हणून जागा ठरवताना महिला ग्रामसभेत विषय घ्या आणि ठराव करून घ्या. कॅमेरा धुण्याच्या जागेकडे पाठ करून लावा. मोजपट्टी आणि साकवाची कड एवढंच चौकटीत दिसू द्या, बाकीचा भाग पाठवण्याआधीच कापून टाकायला बोर्डाला सांगता येतं. फिरणारा कॅमेरा नको, आवाज टिपणारा नको. पहिला फोटो आला की धुण्याला जाणाऱ्या बायांना तो दाखवा. त्यांनी हो म्हटल्यावरच स्क्रू आवळा.

बोर्डाचा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. तो दोघींकडे असावा आणि त्यातली एक गटाची असावी. फोटो ठरलेल्या ग्रुपवरच जावेत आणि महिन्यानंतर आपोआप पुसले जावेत.

बघणार कोण?

फोटो आला आणि कुणी बघितलाच नाही, तर सगळा खर्च पाण्यात. मासिक बैठकीला जशी पाळी लावतो तशी इथेही लावा. आठवड्याला दोघी, एक पऱ्याच्या या बाजूची आणि एक त्या बाजूची. शाळा भरण्याआधी आणि सुटण्याआधी त्यांनी फोटो बघायचा आणि शिक्षकांना कळवायचं. रेड अलर्टच्या दिवशी पाळीवालीने रात्रीही एकदा उठून बघायचं.

दोन नियम मात्र भिंतीवर लिहून ठेवा. पहिला, फोटोपेक्षा आधी फोटोवरची वेळ वाचायची. यंत्र अडकलं तर सकाळचा शांत पऱ्या दुपारीही फोनवर दिसत राहतो, आणि त्या फोटोवर विसंबून कुणी पोराला सोडलं तर अनर्थ होईल. दुसरा, फोटो आला नाही तर साकव बंद समजायचा. फोटो नाही म्हणजे काही घडलेलं नाही, असं समजू नका.

आणि कॅमेरा आला म्हणून ढोल, देवळाची घंटा, हाळी सोडू नका. टॉवर पडल्यावर तीच कामाला येतात. कॅमेरा साकव मजबूत करत नाही, धरणाची भिंत धरून ठेवत नाही. २ जुलै २०१९ च्या रात्री तिवरे धरण फुटलं आणि खालची भेंदवाडी वाहून गेली, ते दुःख आपल्या जिल्ह्याने बघितलं आहे. साकव मोडकळीला आला असेल तर ग्रामपंचायतीकडे अर्ज करायचाच. कॅमेऱ्याचे तारीख-वेळ असलेले फोटो त्या अर्जाला जोडता येतील, हा एक फायदा.

पैसे आणि दुरुस्ती

सगळं मिळून वीस-पंचवीस हजारांच्या आसपास खर्च धरा. भाव बदलतात, म्हणून तीन ठिकाणची कोटेशनं घ्या. पण एक विनंती : हा खर्च गटाच्या बचतीतून करू नका. ती अंतर्गत कर्जासाठी आहे. पऱ्या साऱ्या गावाचा आहे, म्हणून ग्रामपंचायत, शाळा व्यवस्थापन समिती आणि मुंबईला असलेली गावची मंडळी यांच्यापुढे विषय मांडा. गटाने देखभाल आणि पाळी सांभाळावी. वर्षाचा रिचार्ज आणि दोन-चार वर्षांनी बॅटरी, एवढी तरतूद आधीच लिहून ठेवा.

'आम्हाला यातलं काय कळणार?' असं म्हणू नका. राजस्थानात तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजमध्ये अक्षरओळख नसलेल्या खेड्यातल्या बायांनी सौर दिवे जोडायचं आणि दुरुस्त करायचं शिक्षण घेतलं आहे. आपल्याच राज्यात वर्धा जिल्ह्यातल्या कवठा गावी गटाच्या महिलांनी आयआयटी मुंबईच्या मदतीने सौर पॅनेल तयार करण्याचा कारखाना उभा केला. आपल्याला तर फक्त पॅनेल पुसायचं, ग्लँड तपासायची आणि कंट्रोलरवरचा बॅटरीचा आकडा वहीत लिहायचा आहे. बोर्डाला आज्ञा लिहून द्यायचं काम गावातला आयटीआय किंवा कॉलेजचा मुलगा, मुलगी दोन दिवसांत करील. मात्र त्यांनी काय केलं ते मराठीत एका कागदावर लिहून घ्या आणि तयार मेमरी कार्डाची एक जादा प्रत ग्रामसंघाच्या कपाटात ठेवा. ती मुलं नोकरीला मुंबईला गेली तरी गावाचं काम अडता नये.

वेळापत्रक सोपं आहे. फाल्गुनात महिला ग्रामसभेत विषय घ्या. वैशाखात बसवा. मग पॅनेलवर जाड गोणपाट टाकून सात दिवस कॅमेरा चालतो का बघा. हीच आपली आषाढाची परीक्षा. त्यात पास झाला तर मृगाच्या पहिल्या पावसाच्या आत पाळीची यादी शाळेच्या फळ्यावर लागलेली असू दे.

येत्या बैठकीत आपापल्या वाडीच्या पऱ्याबद्दल एवढंच बोला : पाणी कुठल्या दगडाला लागलं की साकव सोडायचा, आणि ते आज कोण बघतं? बघणारी एकच बाई असेल तर तिला बैठकीला आवर्जून बोलवा. कॅमेरा कुठे लावायचा हे तिलाच पहिल्यांदा विचारायचं आहे.